वाऱ्याला सामोरी फिरणारी डोलकाठी



‘जसा वारा येईल तशी पाठ द्यावी’ अशी एक म्हण आपल्या भाषेत रूढ आहे. व्यवहारचतुर माणसे ती उपदेशासाठी वापरतात आणि मानी माणसे उपहासासाठी. वाऱ्याबरोबर फिरणारा मनुष्य शहाणा ठरतो, परंतु त्याच्याविषयी फारसा आदर कोणी बाळगीत नाही. समुद्रावर मात्र एक वस्तू अशी आहे, की ती वाऱ्याबरोबर फिरते खरी, पण वाऱ्याला पाठ देण्यासाठी नव्हे, तर त्याला अधिक चांगले तोंड देता यावे म्हणून. ही वस्तू म्हणजे ‘कॅटामरान’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शर्यतीच्या शिडाच्या जोडनौकेची डोलकाठी. ती किती फिरू द्यावी आणि कोठे आवरून धरावी, ही एक स्वतंत्र विद्या आहे. आजचे भाषण त्या विद्येविषयी आहे.

प्रथम या नौकेच्या नावाविषयी दोन शब्द. कॅटामरान हा शब्द आज इंग्रजी म्हणून जगभर मिरवत असला, तरी त्याचे माहेर तमिळ देशात आहे. ‘कट्टु’ म्हणजे बांधणे आणि ‘मरम्’ म्हणजे लाकूड. चोळमंडळच्या किनाऱ्यावरील कोळी ओंडके दोरांनी एकत्र बांधून त्यांवर बसून समुद्रात जात, त्या तराफ्याला ते ‘कट्टुमरम्’ म्हणत. युरोपीय प्रवाशांनी तो शब्द उचलला आणि पुढे तो दोन समान अंगे शेजारी शेजारी जोडून केलेल्या नौकेला चिकटला. अशा खऱ्या जोडनौका पॅसिफिक महासागरातील पॉलिनेशियन लोकांनी फार पूर्वी सिद्ध केल्या होत्या व त्यांतूनच त्यांनी एका बेटावरून दुसऱ्या बेटावर हजारो मैलांचे प्रवास केले होते. कोकण व गोव्याच्या किनाऱ्यावर होडीच्या एका अंगाला आडव्या दांड्यांनी लाकडाचा ओंडका जोडून ती उलटू न देण्याची जी उलांडीची युक्ती दिसते, तिचेही नाते याच कल्पनेशी आहे. होडीला तोल हवा असेल तर एक तर तिच्या पोटात जड भार भरावा किंवा तिचे पाय फाकवावे. जोडनौकेने दुसरा मार्ग पत्करला. भार नाही म्हणून ती हलकी, आणि पाय फाकलेले म्हणून स्थिर.

या दोन गुणांचा संगम किती विलक्षण ठरतो, याचा अनुभव अमेरिकेत १८७६ साली आला. नॅथॅनियल हेरेशॉफ या नौकाशिल्पीने ‘अ‍ॅमरिलिस’ नावाची जोडनौका बांधून न्यूयॉर्कच्या शर्यतीत उतरविली. तिने प्रतिस्पर्धी नौकांना अशा रीतीने मागे टाकले, की तिचे कौतुक होण्याऐवजी तिच्याविरुद्ध तक्रारीच झाल्या आणि असल्या नौका नेहमीच्या शर्यतींतून वगळण्यात आल्या. दुसऱ्याच वर्षी, १८७७ मध्ये, हेरेशॉफने आपल्या रचनेचे पेटंट घेतले. परंतु जोडनौकेला प्रतिष्ठा मिळण्यास त्यानंतर जवळजवळ एक शतक जावे लागले. १९६७ साली इंग्लंडमध्ये रॉडनी मार्च याने ‘टॉर्नेडो’ ही सुमारे ६ मीटर लांब व ३ मीटर रुंद अशी जोडनौका आखली. १९७६ च्या ऑलिंपिकमध्ये तिला प्रवेश मिळाला आणि रेज व्हाइट व जॉन ऑसबर्न या ब्रिटिश जोडीने तीत पहिले सुवर्णपदक पटकावले. त्याच सुमारास कॅलिफोर्नियात लाटांवर स्वार होण्याच्या फळ्या बनविणारा होबी आल्टर याने वाळूवरून थेट पाण्यात ढकलता येईल अशी लहान, स्वस्त जोडनौका काढली. तिच्यामुळे हा खेळ सामान्य माणसाच्या आटोक्यात आला. टॉर्नेडो आणि होबी या नौकांमध्ये एक गोष्ट समान आहे. त्यांची डोलकाठी जागच्या जागी फिरते.

डोलकाठी फिरण्याची आवश्यकता का पडावी, हे समजण्यासाठी शीड काय काम करते ते पाहिले पाहिजे. वारा मागून येतो आणि शिडाला ढकलतो, एवढीच सामान्य समजूत असते. वारा पाठीशी असताना ती खरीही आहे. परंतु नौकेला वाऱ्याच्या उगमाकडे जावयाचे असते तेव्हा हे चालत नाही. सरळ वाऱ्याच्या तोंडात कोणतीच शिडाची नौका जाऊ शकत नाही. ती डावीकडे, मग उजवीकडे अशी तिरकस वळणे घेत चढते. या तिरकस चालीत शीड हे भिंतीसारखे नव्हे, तर पक्ष्याच्या पंखासारखे काम करते. वारा शिडाच्या पुढच्या कडेवर दुभंगतो, त्याच्या दोन्ही अंगांनी वाहतो, आणि शिडाच्या फुगीर पाठीवरून जाताना वळविला जातो. वाऱ्याला वळविण्याची किंमत म्हणून शिडावर ओढ निर्माण होते.

ही गोष्ट घरच्या घरी पाहता येते. पाण्याच्या नळाची बारीक धार सोडावी आणि एक चमचा दांड्याच्या टोकाशी सैल धरून त्याची फुगीर पाठ धारेला हलकेच टेकवावी. धार चमच्याला दूर लोटील अशी आपली अपेक्षा असते. प्रत्यक्षात धार चमच्याच्या पाठीला बिलगून वळते आणि चमचा धारेकडे ओढला जातो. शिडाच्या फुगीर पाठीवर वारा हेच करतो. परंतु त्यासाठी एक अट आहे. प्रवाह त्या पाठीला बिलगून राहिला पाहिजे. तो मध्येच सुटला आणि त्याचे भोवरे झाले, तर ओढ नाहीशी होते आणि नौकेची चाल मंदावते.

नेमकी येथेच डोलकाठी आडवी येते. शिडाची पुढची कड ही सर्वांत महत्त्वाची जागा, आणि तिच्याच अगदी पुढे हा जाडजूड खांब उभा. पावसाळ्यात वाहत्या ओहोळात काठी रोवून पाहावी. काठीच्या मागे पाणी कसे गोंधळून जाते ते कोणाही मुलाने पाहिलेले असते. तोच गोंधळ खांबामागे वाऱ्याचा होतो आणि शिडाच्या पुढच्या भागाला शांत, सरळ वारा मिळतच नाही. आपल्या किनाऱ्यावरील जुन्या गलबतांच्या खलाशांनाही ही अडचण वेगळ्या रूपात ठाऊक होती. परबाणाला टांगलेले त्रिकोणी शीड डोलकाठीच्या एका अंगाला असते. एका बाजूने जाताना ते मोकळे फुगते, पण दुसऱ्या बाजूने जाताना डोलकाठीवर चेपले जाते व त्याचा आकार बिघडतो. म्हणून वळताना परबाण डोलकाठीच्या पुढून दुसऱ्या अंगाला नेण्याचा खटाटोप त्यांना करावा लागे. डोलकाठीशी शिडाचे हे भांडण फार जुने आहे.

जोडनौकेच्या शिल्पींनी हे भांडण मिटविण्याचा जो उपाय काढला, तो साधा आहे. त्यांनी डोलकाठी गोल न ठेवता तिचा आडवा छेद पाण्याच्या लांबट थेंबासारखा केला. पुढे गोलाई आणि मागे निमुळते टोक. निमुळत्या टोकावर एक उभी खाच असते, तीत शिडाची पुढची कड सरकवितात. म्हणजे खांब आणि शीड मिळून एकच पंख होतो. परंतु हा पंख नौकेच्या लांबीच्या रेषेत घट्ट बसविला, तर उपयोग होत नाही, कारण वारा तिरकस येतो. कधी डावीकडून, कधी उजवीकडून. म्हणून डोलकाठीचे बूड एका अर्धगोल गोळ्यावर टेकविले जाते. वर सुमारे पाऊण उंचीवर, डोलकाठीच्या पुढच्या बाजूस, तीन तारा एकाच ठिकाणी बांधलेल्या असतात. एक समोर जाते आणि दोन बाजूंच्या अंगांकडे. खाली गोळा आणि वर तारांची गाठ, या दोन बिंदूंमध्ये डोलकाठी दाराच्या कण्यासारखी फिरते.

तिला फिरविणारा हात मुख्यतः वाऱ्याचाच असतो. शीड भरले की ते खाचेला वाऱ्याआडच्या बाजूस ओढते. शिडाच्या तळाशी असलेली आडवी काठी, म्हणजे बूम, दोर ताणला की पुढे रेटली जाते व डोलकाठीला आणखी फिरवू पाहते. त्यामुळे डोलकाठीचे गोल तोंड वाऱ्याकडे वळते आणि निमुळते टोक शिडाच्या वळणाशी जुळते. आता प्रश्न उरतो तो मर्यादेचा. मोकळी सोडलेली डोलकाठी प्रमाणाबाहेर फिरते. म्हणून तिला आवरण्याची योजना करावी लागते. काही नौकांत बुडाशी धातूचे ठोकळे असतात, त्यांवर आदळून ती थांबते. परंतु शर्यतीच्या नौकांत बूमच्या जवळ, डोलकाठीलाच एक मागे वळलेला लहान दांडा बसविलेला असतो. त्याला खलाशी ‘स्पॅनर’ म्हणतात. आपल्याकडचा कारागीर ज्याला पाना म्हणतो तोच हा शब्द, आणि कामही तेच, फिरविण्याचे आणि धरून ठेवण्याचे. या पान्याच्या टोकापासून एक दोर कप्पीतून घेऊन दातेरी चापात अडकविलेला असतो. दोर ओढला की डोलकाठीचे फिरणे कमी होते. सोडला की वाढते. इतकेच ते यंत्र. पण त्या दोराचा प्रत्येक वीतभर भाग नौकेच्या चालीत दिसून येतो.

हा दोर जुळविण्याचे काम पाण्यावर नव्हे, किनाऱ्यावरच सुरू होते. नौकेचे तोंड वाऱ्याकडे करून ती वाळूवर स्थिर ठेवावी. डोलकाठी हाताने डावीकडे व उजवीकडे फिरवून पाहावी. ती दोन्हीकडे सारखीच सहज फिरली पाहिजे. बुडाच्या गोळ्यात वाळूचे कण अडकले असतील तर ती कुरकुरते व अडते. अशा वेळी गोळा स्वच्छ धुवून घ्यावा. बाजूच्या तारा अतिशय ताणल्या असतील तरीही डोलकाठी बुडावर दाबली जाऊन फिरेनाशी होते. मग पुढच्या तुळईवर आणि डोलकाठीच्या बुडाशी रंगाच्या खुणा कराव्यात, म्हणजे डावीकडील मर्यादा व उजवीकडील मर्यादा सारखी आहे की नाही हे नजरेस पडते. एका बाजूस जास्त व दुसऱ्या बाजूस कमी फिरणारी डोलकाठी ही लंगड्या बैलासारखी असते. नौका एका वळणावर चांगली चालते आणि दुसऱ्यावर मागे पडते, आणि खलाशी मात्र वाऱ्याला दोष देत बसतो.

यानंतर शीड चढवून, ते भरेल एवढाच दोर ताणावा, आणि वाऱ्याआडच्या बाजूस उभे राहून तळहात डोलकाठीवरून शिडाकडे सरकवावा. तळहाताला पायरी लागता कामा नये. डोलकाठीची बाजू आणि शिडाची पाठ यांचे एकच अखंड वळण झाले पाहिजे. पायरी लागली तर डोलकाठी कमी फिरली आहे. उलट डोलकाठीच शिडाबाहेर फुगून आलेली आणि तिच्यामागे शीड आत दबलेले भासले तर ती प्रमाणाबाहेर फिरली आहे. दुसऱ्या, म्हणजे वाऱ्याकडच्या बाजूस थोडीशी खोबण राहतेच. तिची फार चिंता करण्याचे कारण नाही. ओढ मुख्यतः वाऱ्याआडच्या पाठीवर निर्माण होते, म्हणून ती पाठ सर्वांत आधी नितळ हवी. दोहोंपैकी एकच बाजू निर्दोष ठेवता येत असेल, तर कोणती ठेवावी हे ज्याला कळते, त्याला निम्मी विद्या साधली.

पाण्यावर गेल्यानंतर वाऱ्याच्या जोराप्रमाणे हा दोर बदलावा लागतो. साधारण मध्यम वाऱ्यात, वाऱ्याकडे चढत असताना, पान्याचे टोक वाऱ्याआडच्या बाजूच्या तारेकडे रोखलेले असावे, अशी पुष्कळ नौकांबाबतची रीत आहे. या स्थितीत शिडाला भरपूर पोट असते व नौकेला जोर मिळतो. वारा वाढला, नौका एका अंगावर उचलू लागली, आणि दोघा खलाशांनी तारेला लटकून सर्व वजन बाहेर टाकले तरी ती आवरेनाशी झाली, म्हणजे हा जोर नकोसा होतो. मग पान्याचा दोर ओढून डोलकाठीचे फिरणे कमी करावे, म्हणजे पान्याचे टोक तारेकडून मागे, नौकेच्या मध्यरेषेकडे येते. याचा परिणाम असा होतो, की डोलकाठीला मुळातच दिलेला पुढचा बाक शिडाच्या रेषेत येतो, तो शिडाची पुढची कड पुढे ओढून घेतो व शिडाचे पोट सपाट करतो. सपाट शिडाला कमी फिरलेली डोलकाठीच शोभते, कारण त्याच्या पुढच्या कडेचे वळणही कमी झालेले असते. याच वेळी शीड खाली ताणणारा दोरही घट्ट करतात. एका दोराची सुधारणा दुसऱ्या दोराशिवाय अपुरी राहते.

वारा पाठीकडून घेऊन परतताना सर्व उलट. शिडाला मोठे पोट द्यावयाचे असते, म्हणून पान्याचा दोर मोकळा सोडावा. डोलकाठी जवळजवळ काटकोनात फिरली तरी हरकत नसते. मात्र पुन्हा वाऱ्याकडे वळण्यापूर्वी दोर परत पहिल्या खुणेवर आणण्याची आठवण ठेवली पाहिजे. शर्यतीत अनेक चुका घाईमुळे नव्हे, विस्मरणामुळे होतात.

हे सर्व बरोबर झाले की नाही, हे ओळखण्याचे साधन मोठे गमतीचे आहे. शिडाच्या पुढच्या भागावर, दोन्ही अंगांना, लोकरीचे छोटे धागे चिकटविलेले असतात. वारा बिलगून वाहत असेल तर हे धागे मागे सरळ, शांतपणे तरंगतात. वारा सुटून भोवरे झाले की ते फडफडतात, गोल फिरतात, कधी पुढेच वळतात. लक्षावधी रुपयांच्या नौकेची नाडी अशी वीतभर लोकरीच्या धाग्यावर पाहिली जाते. वाऱ्याआडचा धागा अस्वस्थ झाला, तर आधी सुकाणू व शिडाचा दोर तपासावा, आणि त्यांत दोष नसेल तर डोलकाठीकडे पाहावे.

वळण घेतानाची एक अडचण येथे सांगितली पाहिजे. नौका एका तिरकस दिशेकडून दुसरीकडे वळली, की डोलकाठीनेही दुसऱ्या अंगाला वळले पाहिजे. जोरदार वाऱ्यात ती एक ठोका देऊन आपोआप पालटते. मंद वाऱ्यात मात्र ती जुन्याच बाजूस आळसावून राहते. मग एका खलाशाने बूमला हाताने रेटून किंवा पाना धरून तिला पलीकडे न्यावे लागते. नवख्याला हे ध्यानात येत नाही. नौका नव्या दिशेला निघालेली असते आणि डोलकाठी जुनाच वारा धरून उभी असते. माणसांचेही पुष्कळदा असेच होते.

या विद्येला धोक्याची बाजूही आहे. या डोलकाठीला मागे धरणारी स्वतंत्र तार नसते. मागचा ताण शीड आणि त्याचा दोरच सांभाळतो. म्हणून वारा पाठीकडून असताना पुढे मोठे फुगीर शीड चढविलेले असेल, तर मुख्य शिडाचा दोर एकाएकी पूर्ण सोडून देणे धोक्याचे आहे. डोलकाठीला मागचा आधार राहत नाही. दुसरा धोका पाण्यावरचा नसून काठावरचा आहे. डोलकाठी उभी करून नौका वाळूवरून ओढत नेताना वरून गेलेल्या विजेच्या तारांना ती लागून माणसे प्राणास मुकल्याच्या दुर्घटना अमेरिकेत घडल्या. त्यामुळे १९८० च्या दशकात होबी नौकेच्या डोलकाठीचा वरचा भाग धातूऐवजी वीज वाहून न नेणाऱ्या काचतंतूच्या मिश्रणाचा करण्यात आला. तरीही पहिला नियम तोच. डोलकाठी उभी करण्यापूर्वी मान वर करून आकाशाकडे पाहावे.

एवढ्या बारकाव्यांनी असा कितीसा फरक पडणार, असे कोणास वाटेल. त्याचे उत्तर २०१६ च्या रिओ द जानेरो येथील ऑलिंपिकमध्ये मिळते. टॉर्नेडो नौका २००८ नंतर ऑलिंपिकमधून गेली होती आणि तिच्या जागी ५.२५ मीटर लांबीची ‘नाक्रा १७’ ही जोडनौका आली होती. तिचा नियम असा, की नौकेतील दोघांपैकी एक पुरुष व एक स्त्री असली पाहिजे. अर्जेंटिनातर्फे सांतियागो लांगे आणि सेसिलिया करांसा ही जोडी उतरली. लांगे यांचे वय ५४ वर्षांचे होते. टॉर्नेडो नौकेत त्यांनी २००४ व २००८ साली कार्लोस एस्पिनोला यांच्या जोडीने कांस्यपदके मिळविली होती. परंतु २०१५ साली त्यांना फुप्फुसाचा कर्करोग झाल्याचे निष्पन्न झाले आणि शस्त्रक्रियेत फुप्फुसाचा भाग काढून टाकावा लागला. ज्या खेळात तारेला लटकून, दोर ओढून, खाऱ्या लाटांचे फटके खात श्वास पुरवावा लागतो, त्या खेळात हा मनुष्य एका वर्षाच्या आत परत आला. त्याच ऑलिंपिकमध्ये त्यांचे दोन पुत्र, यागो आणि क्लाउस, दुसऱ्या जातीच्या नौकेतून उतरले होते.

१६ ऑगस्ट रोजी अखेरची शर्यत झाली. तीत लांगे व करांसा यांच्यावर पंचांनी दोन वेळा दंड लादला. शिडाच्या शर्यतीतील दंड पैशाचा नसतो. प्रतिस्पर्धी पुढे जात असताना आपली नौका गोल फिरवावी लागते, एकदा वाऱ्याच्या तोंडावरून आणि एकदा वाऱ्याच्या पाठीवरून. म्हणजे प्रत्येक फेरीत शीड दोनदा पलटावयाचे, डोलकाठी दोनदा पालटावयाची, आणि दोनदा पुन्हा सारे दोर जागेवर आणावयाचे. निराश झालेला मनुष्य अशा वेळी एखादा दोर विसरतो. ते दोघे विसरले नाहीत. नौका पुन्हा पुन्हा जुळवून घेत, मागे पडलेले अंतर भरून काढत त्यांनी शर्यत पुरी केली. सर्व शर्यतींचे गुण मोजले, तेव्हा अर्जेंटिनाचे ७७, ऑस्ट्रेलियाचे ७८ आणि ऑस्ट्रियाचे ७८ भरले. या खेळात ज्याचे गुण कमी तो विजयी. एका गुणाने सुवर्णपदक! तो एक गुण कोणत्या दोराने, कोणत्या वळणाने, कोणत्या श्वासाने मिळविला हे कोणी वेगळे काढून दाखवू शकणार नाही. परंतु लहान जुळवणी क्षुद्र नसते, एवढे त्यावरून कळते. पुढे टोकियोच्या ऑलिंपिकच्या उद्‍घाटनात अर्जेंटिनाचा ध्वज याच दोघांच्या हाती देण्यात आला.

फिरत्या डोलकाठीची कल्पना आता लहान नौकांपुरती राहिलेली नाही. ‘अमेरिकाज कप’ या जुन्या आणि प्रतिष्ठेच्या स्पर्धेत १९८८ साली कापडी शिडाऐवजी उभ्या पंखाची जोडनौका उतरली आणि तिने आपल्याहून कितीतरी मोठ्या नौकेचा पराभव केला. तो पंख म्हणजे डोलकाठी आणि शीड यांचे भांडण कायमचे मिटवून केलेले एकरूप शरीरच होते. २०२१ च्या स्पर्धेतील नौकांना इंग्रजी ‘डी’ अक्षराच्या छेदाची फिरती डोलकाठी आणि तिच्या दोन्ही कडांपासून निघणारे दुहेरी कापडाचे शीड देण्यात आले. साधने बदलली, द्रव्य बदलले. प्रश्न तोच राहिला, की वाऱ्याच्या पुढे उभ्या राहणाऱ्या वस्तूने वाऱ्याला अडवू नये.

आपल्या भाषेने या खांबाला फार समर्पक नाव दिले आहे. ज्याने ताठ उभे राहावयाचे, त्यालाच तिने डोलणारी काठी म्हटले. ताठपणा आणि डोलणे यांत विरोध नाही, हे आपल्या जुन्या दर्यावर्द्यांना ठाऊक असले पाहिजे. डोलकाठी बुडाशी पक्की असते, आपली जागा सोडीत नाही, आणि तरीही वारा जिकडून येईल तिकडे तोंड करते. ती मोकाट फिरली तर शीड बिघडते. मुळीच फिरली नाही तरी शीड बिघडते. योग्य मर्यादा कोणती, हे ग्रंथात वाचून थोडे कळते, आणि बाकीचे लोकरीच्या त्या धाग्याकडे पाहून. तो धागा फडफडू लागला की आपण किनारा गाठेपर्यंत थांबत नाही. हात पुढे करतो आणि दोर वीतभर ओढतो किंवा वीतभर सोडतो.

वारा येईल तशी पाठ द्यावी, असे म्हण सांगते. वाऱ्याच्या दिशेलाच जावयाचे असेल त्याने खुशाल तसे करावे. परंतु ज्याला वाऱ्याच्या उगमाकडे जावयाचे आहे, त्याने या डोलकाठीकडून धडा घ्यावा. ती वारा येईल तसे तोंड देते, आणि आपल्या जागेवरून तसूभरही हलत नाही.